खो-खोची वही आणि दोन पोरी: सोलापुरातल्या एका शाळेचं प्रकरण

प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा त्याच्यावर शिक्का आधीच मारून झालेला होता. वर्गशिक्षिकेच्या चिठ्ठीत लिहिलेलं होतं, "दहावीच्या दोन विद्यार्थिनी, नको इतकी जवळीक, अभ्यासावर परिणाम, पालकांना कळवले आहे." मी त्या शाळेत आठवड्यातून ठरलेल्या दिवशी समुपदेशनाला जायचे, बसायला ग्रंथालयाच्या मागची खोली, तिथं नकाशे आणि तुटके ग्लोब ठेवलेले. ही चिठ्ठी वाचून मला पहिली काळजी कशाची वाटली तर शेवटच्या तीन शब्दांची, पालकांना कळवले आहे. जवळीक वगैरे नंतर बघता येते पण घरी एकदा गेलेला शब्द परत घेता येत नाही.

दोघी आता सज्ञान आहेत, दोघींनी हे लिखाण छापायच्या आधी वाचलंय, नावं आणि ओळख पटेल अशा बऱ्याच गोष्टी बदलल्यात. एकीची अट होती की खो-खोचं मात्र बदलू नका मॅडम, ते बदललं तर आमचं काही राहतच नाही. म्हणून ते तसंच ठेवलंय.

पहिलीला वैदेही म्हणू. वडील सरकारी नोकरीत, बदली होऊन सांगलीहून इकडे आलेले, घर जुळे सोलापुरात, आई गृहिणी, एक धाकटा भाऊ. नववीला या शाळेत आली ती थेट पहिल्या बाकावर, पहिल्या चाचणीत पहिली, आणि महिन्याभरात मॉनिटर. दुसरी श्रीलता. पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातलं घर, पूर्व भागात विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत राहणारी, घरात तेलुगू, वडील आधी यंत्रमागावर टॉवेलच्या कारखान्यात होते मग दम्यामुळे घरी, आई विड्या वळते. श्रीलता शेवटच्या बाकावर, अभ्यासात जेमतेम, पण शाळेच्या खो-खो टीमचा कणा. सोलापूर बाहेरच्या लोकांसाठी सांगते, इथं एकाच वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी पोरं असतात आणि पोरं भांडताना कुठल्या भाषेत जातील सांगता येत नाही. सांगलीहून आलेल्या वैदेहीला हे नवीन होतं. मागच्या बाकावरच्या पोरी तेलुगूत बोलून हसल्या की तिला वाटायचं आपल्यालाच हसतायत, आणि मग ती फळ्यावर श्रीलताचं नाव लिहायची. रोज. श्रीलता म्हणते, "जून ते ऑगस्ट माझं नाव फळ्यावर परमनंट होतं, पुसायलाच नको."

मग स्कूटीवरून पडून वैदेहीचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर. पीटीच्या सरांनी तिला नुसतं बसवून ठेवण्यापेक्षा डाव्या हातात स्टॉपवॉच दिलं आणि खो-खोच्या प्रॅक्टिसला वेळ मोजायला उभं केलं. ज्यांना खो-खो माहीत नाही त्यांच्यासाठी, संरक्षण करणाऱ्या संघाचे खेळाडू तीन-तीनच्या तुकडीनं मैदानात येतात आणि प्रत्येकजण बाद होईपर्यंत किती वेळ पळाला याची नोंद होते, पेपरात बातमी येते ना की अमुक हिनं २.१० मिनिटे संरक्षण केले, तेच. त्यामुळे वेळ मोजणाऱ्याला एका खेळाडूवर नजर खिळवूनच ठेवावी लागते, ती कुठं वळते, खांबाला कशी वळसा घालते, दमली की कुठला खांदा खाली जातो. वैदेहीला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं पण नजर ठेवायची तिला सवय होती, फळ्यावर नावं लिहिणारीच ती.

इकडे वर्गात तिच्या वह्या कोण लिहिणार हा प्रश्न होता. आणि इथं सगळ्यांचा अंदाज चुकला, कारण वर्गात सगळ्यात सुंदर अक्षर निघालं श्रीलताचं. तिच्या गल्लीतल्या बऱ्याच बायकांचा विड्यांचा हिशेब तीच लिहायची. विड्यांची मजुरी हजारावर असते, कारखान्यात माल जमा करताना खराब विड्या बाजूला काढल्या जातात, मग किती दिल्या, किती कापल्या, किती पैसे यायचे राहिले याची वही पाहिजे, आणि बायकांना ती श्रीलताच्या हातची पाहिजे कारण तिचा आकडा चुकत नाही. म्हणजे शाळेच्या लेखी ढ असलेली पोरगी घरकुलात अकाउंटंट होती. वर्गशिक्षिकेला हे माहीत नव्हतं. वैदेहीला पहिल्यांदा कळलं. वैदेही सांगायची, श्रीलता लिहायची, ऱ्हस्व-दीर्घ सगळं उलटंपालटं, वैदेही ओरडायची, ती म्हणायची "का बे, तुझ्या हाताला काय झालंय, लिही की मग तूच." प्लास्टर निघालं तरी हे चालूच राहिलं, हे मला नंतर दोघींनी वेगवेगळं सांगितलं आणि दोघीही तिथं थांबून हसल्या.

दिवाळीपर्यंत घट्ट मैत्री. जानेवारीत गड्ड्याची म्हणजे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची यात्रा, तेव्हा श्रीलतानं तिला पहिल्यांदा गड्डा दाखवला. नंदीध्वजांची मिरवणूक, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, मग होम मैदानावर पाळणे आणि भजी. घरी वैदेहीनं मैत्रिणींबरोबर जाते म्हणून सांगितलं, मैत्रिणी असं अनेकवचन का वापरलं हे तिला स्वतःलाही तेव्हा कळलं नव्हतं म्हणे.

मैत्री कुठं संपली आणि दुसरं काही कुठं सुरू झालं हे मी दोघींना विचारलं नाही. असं विचारलं की पोरं आपल्याला आवडेल असं उत्तर तयार करून देतात. मी वैदेहीला एवढंच म्हटलं की तुझा आठवडा कसा जातो सांग. ती सोमवारपासून सुरू झाली आणि मध्येच म्हणाली, "उद्या श्री येणार नाही, उद्या त्यांच्याकडं पाणी आहे." आपल्या सोलापूरला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, प्रत्येक भागाची वेळ वेगळी, कधी मध्यरात्री, कधी भर दुपारी, आणि ज्या दिवशी पाणी त्या दिवशी घरातलं कोणीतरी नळाला बांधलेलं, श्रीलताच्या घरी ते कोणीतरी म्हणजे श्रीलता. जुळे सोलापुरात राहणाऱ्या या पोरीला घरकुलातल्या त्या गल्लीच्या पाण्याचं टाइमटेबल पाठ होतं. स्वतःच्या घरचं विचारलं तर म्हणाली, "आमचं आईला माहीत असेल." मला जे समजायचं होतं ते मला इथं समजलं, बाकीचं त्यांच्या वेगानं येऊ दे म्हटलं.

आता चिठ्ठी येण्याआधी काय झालं होतं ते. नववीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रॅक्टिस सकाळी सहाला असायची कारण नंतर मैदान तापतं, एप्रिल-मेमध्ये इथं पारा ४२-४३ ला सहज जातो. वैदेही आता अधिकृत स्कोअरर. तिची वही होती, त्यात सगळ्या खेळाडूंच्या वेळा, पण बाकी पोरींची वेळ मिनिटांत आणि अंदाजे, श्रीलताची सेकंदासकट, पुढं बारीक अक्षरात शेरा, "डावा पाय दुखत होता तरी", "आज लक्ष नव्हतं, घरी काहीतरी झालंय", "सगळ्यात भारी वळण, कोणीच बघितलं नाही, मी बघितलं." मागच्या पानांवर चार-पाच ओळी कवितेसारख्या. दहावी सुरू झाल्यावर ही वही एका मुलीच्या हाती लागली, तिथून वर्गशिक्षिकेकडे आणि तिथून स्टाफरूममध्ये. तिथं ती मोठ्यानं वाचली गेली. काही जण हसले. मग दोन दिवसांत सगळी कारवाई, बाक वेगळे, तुकडीही एकीची बदलली, वैदेहीला स्कोअररवरून काढलं, दोन्ही घरी फोन, आणि फोनवर वापरलेले शब्द मी इथं लिहीत नाही.

माझं स्पष्ट मत आहे की या प्रकरणातलं नुकसान ह्या दोन दिवसांत झालं. त्याआधी दोघींमध्ये जे होतं ते इतकं संथ होतं की त्यांनी एकमेकींनाही काही सांगितलेलं नव्हतं. वहीत लिहिणं, डबा वाटून खाणं, हिच्या कडक भाकरीवर तिची शेंगाचटणी, बसस्टॉपपर्यंत चालत जाणं, एवढंच. मोठ्यांनी ओरडून त्याला नाव दिलं. आणि नाव दिल्यावर जी गोष्ट वर्षभर आपसूक वाढत होती ती एका आठवड्यात आर या पार होऊन बसली. श्रीलताचं वाक्य मला आजही पाठ आहे, "माझ्या डोक्यात काहीच प्रश्न नव्हता मॅडम. तुम्ही लोकांनी घातला."

परिणाम दोघींवर अगदी वेगळा. श्रीलतानं शाळाच सोडल्यासारखं केलं. प्रॅक्टिस बंद, वर्गात गैरहजर, घरी आईशेजारी सूप मांडीवर घेऊन विड्या वळायला बसली. रडारड नाही, भांडण नाही, नुसती बसली. वैदेही रोज शाळेत यायची, पहिल्या बाकावर बसायची आणि पेपर कोरे द्यायची. तिच्या मोबाईलवर रात्री सर्च केलेलं एकच, मी नॉर्मल आहे का. तिसऱ्या भेटीत ती म्हणाली मी नसते तर सगळ्यांचं सोपं झालं असतं.

हे वाक्य आलं की बाकी सगळं बाजूला. ते सहज म्हटलंय की त्याच्यामागं काही ठरवलंय हे सरळ विचारावं लागतं, मरायचा विचार येतो का, कसा, कधी, घरात काय हाताशी आहे. विचारल्यानं विचार डोक्यात जातो ही भीती बाळगू नका, उलट विचारलं की मूल मोकळं होतं. वैदेहीच्या डोक्यात विचार होता, ठरवलेलं काही नव्हतं. मी पहिल्याच भेटीत दोघींना सांगून ठेवलेलं असतं की इथलं इथंच राहील, अपवाद फक्त जिवाला धोका असेल तेव्हा. त्यामुळे तिला आधी सांगूनच मी तिच्या आईवडलांना बोलावलं आणि तेवढंच सांगितलं, ती खूप खचलीय, रात्री एकटी ठेवू नका, तिला आवाज चढवून काही विचारू नका. श्रीलताबद्दल अवाक्षर नाही. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर तिच्याच हातानं तिच्या वहीत लिहून घेतला, हा सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. शाळांमध्ये तो भिंतीवर लावला तरी पुष्कळ होईल.

वडील दुसऱ्या भेटीत एकटे आले. सज्जन माणूस, अंगावर ऑफिसची बॅग तशीच, खुर्चीच्या टोकावर बसलेले. पहिलं वाक्य, "मॅडम, पुण्यात ह्याच्यावर चांगला डॉक्टर कोण?" मी विचारलं कशावर. ते गप्प. मग जे बोलले त्यात पंधरा मिनिटं घरकुल होतं. ती वस्ती, ती भाषा, विड्यांचा वास, आपल्या मुलीनं तिथं जाऊन जेवलेलं. मुलगी मुलीच्या प्रेमात आहे हा मुद्दा त्यांच्या बोलण्यात नंतर आला, आधी आला तो कोणत्या घरच्या मुलीच्या हा. माझ्या कामात हे मी वारंवार बघते, वर लिहिलेला मुद्दा एक असतो आणि आत जात, पैसा, भाषा असं दुसरंच काही धुमसत असतं. ती गाठ वेगळी काढली नाही तर चर्चा पुढं सरकत नाही.

डॉक्टरबद्दल मात्र मी त्यांना सविस्तर सांगितलं कारण त्यांना कागदावरची गोष्ट पटते. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्याकडच्या मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनेनं, इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनं, २०१८ मध्ये जाहीर म्हटलं की हा आजार नाही. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्दबातल केलं. आणि २०२१ मध्ये मद्रास हायकोर्टासमोर दोन तरुण मुलींचं प्रकरण आलं होतं, घरच्या विरोधामुळे पळून गेलेल्या, तेव्हा न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी निकाल द्यायच्या आधी स्वतः एका मानसशास्त्रज्ञाकडे बसून हा विषय समजून घेतला, कारण मला ह्यातलं पुरेसं कळत नाही असं त्यांनी मान्य केलं. माणूस बदलण्याच्या नावाखाली चालणारे असले उपचार बंद करा असं त्या कोर्टानं सांगितलं आणि पुढं २०२२ मध्ये डॉक्टरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशननं असे उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. म्हणजे पुण्यातला जो डॉक्टर "करतो बरी" म्हणेल तोच चुकीचा डॉक्टर. हायकोर्टाचा न्यायाधीश शिकायला बसला हे ऐकून वडील बराच वेळ गप्प बसले. पटलं असं नाही. पण डॉक्टरचा विषय त्यांनी परत काढला नाही.

मी हेही सांगितलं की पंधरा वर्षांच्या मुलीवर आज कुठलाच शिक्का मारू नका, हा पण नाही आणि तो पण नाही. या वयातली ओढ कधी टिकते कधी विरते, मुलामुलींचंही तसंच असतं. टिकेल का विरेल याच्यावर पैज लावायचं काम आपलं नाही. पण "हे वय आहे, जाईल निघून" असं मुलीला म्हणू नका कारण तिला ते "तू खोटी आहेस" असं ऐकू येतं.

श्रीलताच्या घरी मीच गेले. तिची आई शाळेत आली असती तर तिची अर्ध्या दिवसाची मजुरी गेली असती आणि शिवाय शाळेत ती बोलली नसती. संध्याकाळची वेळ, दारातच तीन-चार बायका, भिजवलेला तेंदूपत्ता, कात्रीनं पानं कापायचं चाललेलं. अम्माचे हात माझ्याशी बोलताना एकदाही थांबले नाहीत, पान, चिमूटभर तंबाखू, गुंडाळी, दोऱ्याचा वळसा, टोक आत, पुढची. मराठी मोडकं पण मुद्दा सरळ. शाळेतून फोन आला तेव्हा तिला नीट कळलंच नव्हतं, तिला वाटलं पोरीनं चोरी केली. मग श्रीलतानं स्वतः सांगितलं म्हणे, वैदेही मला आवडते. अम्मा मला म्हणाली, "मंग? ती पोरगी चांगली हाय की. इथं येते, जेवते, भांडी विसळते." ऐकायला फार गोड वाटतं पण मी त्यावर हुरळून गेले नाही आणि वाचणाऱ्यांनीही जाऊ नये. कारण तिला त्याचा अर्थ मैत्रीण आवडते एवढाच लागला होता. बायका बायकांतच दिवस काढतात, त्यात तिला काही वावगं दिसत नव्हतं. आणि पुढच्याच वाक्यात ती म्हणाली दहावी झाली की बघू, नात्यातलं एक स्थळ हाय.

मला तिथं खरा धोका दिसला. शाळा वहीवरून घाबरली होती आणि इकडे दहावी झालेल्या पोरीचं लग्न ठरायच्या गोष्टी चालल्या होत्या, वय १८ पूर्ण व्हायच्या आधी तो गुन्हा आहे हे मी अम्माला तिथंच सांगितलं, धमकी म्हणून नाही, माहिती म्हणून. शेजारची एक बाई तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. श्रीलतानं भाषांतर केलं, "त्या म्हणतायत हिशेब कोण लिहील मग, हिला धाडू नका." त्या हिशेबाच्या वहीनं श्रीलताची पुढची दोन वर्षं वाचवली असं मी मानते. घरकुलातल्या बायकांना ती हवी होती.

शाळेत काय केलं ते थोडक्यात. मुख्याध्यापकांशी बोलून वही परत मिळवली आणि ती वैदेहीच्या हातात दिली, शिक्षकांच्या नाही. ती स्टाफरूममध्ये वाचली गेली त्याबद्दल कोणीतरी तिला सॉरी म्हणावं असा आग्रह मी धरला, वर्गशिक्षिका तयार झाल्या नाहीत, पीटीचे सर मात्र आपणहून आले आणि म्हणाले, "स्कोअर तूच लिही, दुसऱ्या कोणाला जमत नाही." माफी ती नव्हती पण वैदेहीला तेवढं पुरलं. श्रीलता टीमच्या निवडीच्या आठवड्यात परत आली. तुकडी वेगळीच राहिली, मैदान एक झालं.

दोघींशी एकत्र बोलणं मी बरंच उशिरा केलं, दोघींनी वेगवेगळं "चालेल" म्हटल्यावर. त्यात कायदा स्पष्ट सांगितला, गोलमाल न करता. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा, त्यात १८ च्या खालच्या मुलामुलींची शारीरिक संबंधांना संमती कायद्याला मान्यच नाही, मुलगा-मुलगी असो की दोन मुली, आणि तसं काही माझ्या कानावर आलं तर ते कळवणं मला बंधनकारक आहे. प्रेम वाटण्याला कायद्यात वय नाही, बाकी सगळ्याला घाई नको. वैदेही लाजून लाल झाली, श्रीलता म्हणाली "मॅडम आम्हाला एका बाकावर तर बसू द्या आधी." फोटो, चॅट, स्टेटस याबद्दलही बोलले, म्हणजे एकमेकींचं लिहिलेलं तिसऱ्याला दाखवायचं नाही, भांडण झालं तरी नाही. माझ्या मते प्रेमाच्या विषयात शाळेत शिकवायची ही पहिली गोष्ट आहे आणि ती कोणीच शिकवत नाही.

त्याच सुमारास मी शिक्षकांसाठी एक बैठक घेतली. विज्ञानाचे सर प्रामाणिकपणे म्हणाले, मग काय आम्ही नुसतं बघत राहायचं का. मी म्हटलं वर्गातल्या मुलगा-मुलगीच्या जोडीला जे नियम लावता तेच लावा, तासाला लक्ष, हजेरी, शाळेत मोबाईल नाही. जास्तीचा एकही नियम नाही. कोणी चिडवलं तर चिडवणाऱ्यावर कारवाई. आणि घरी कळवायच्या आधी मुलीला विचारा की घरी कळलं तर काय होईल. हा प्रश्न विचारायला एक मिनिट लागतं. काही घरांत मार असतो, काही घरांत शाळा बंद, काही घरांत रातोरात गाव बदलतं. बैठकीतले निम्मे लोक मोबाईल बघत होते, पण दोघी शिक्षिका नंतर खोलीत येऊन बराच वेळ बसल्या, त्यातली एक स्वतःच्या मैत्रिणीबद्दल बोलली. ते इथं लिहायचं नाही.

दहावी दोघी पास झाल्या. वैदेहीचे मार्क तिच्या मानानं कमी पडले, त्याचं तिच्या आईला आजही वाईट वाटतं. अकरावी-बारावीला कॉलेज वेगळी, शाळेचा माझा संबंध संपला. दोघी अधूनमधून यायच्या, कधी एकत्र कधी एकट्या. मध्ये एक मोठा काळ असा गेला की त्या बोलतच नव्हत्या, वैदेहीला वाटायचं श्रीलता तिच्याबरोबर चारचौघांत लांब लांब राहते, श्रीलता म्हणायची तुला काय, तू पुण्याला जाशील, मला ह्याच गल्लीत राहायचंय. दोघींचं बरोबर होतं. एका सेशनमध्ये सुटेल असं ते नव्हतंच.

वैदेही इंजिनिअरिंगला पुण्याला गेली, श्रीलता सोलापुरातच बीए करत सकाळी लहान मुलींना खो-खो शिकवायला लागली. "आम्ही एकत्र आहोत" हे शब्द त्यांनी मला पहिल्यांदा सांगितले तेव्हा दोघी एकोणीसच्या होत्या, म्हणजे वही सापडल्यानंतर तब्बल चार वर्षांनी. स्टाफरूमनं जे दोन दिवसांत ठरवलं होतं त्याला त्यांना चार वर्षं लागली.

लग्नाचा विषय निघाला तेव्हा १७ ऑक्टोबर २०२३ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल येऊन गेलेला होता, समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता द्यायला कोर्टानं नकार दिला आणि तो संसदेचा विषय म्हटलं. वैदेही निकालपत्रातले मुद्दे घेऊन आली होती, चिडलेली. श्रीलता भेळ खात होती. ती म्हणाली, "आपल्या गावात सगळ्यात मोठं लग्न कुंभारकन्येचं लागतं, ते पण सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी, आणि अख्खं गाव अक्षता टाकतं. आपल्याला पण कोणीतरी टाकेल की." वैदेहीला हसू आवरेना, चिडायचं राहूनच गेलं.

आजची स्थिती अशी. श्रीलताच्या अम्माला आता सगळा अर्थ कळलेला आहे. महिनाभर बोलली नाही, मग बोलायला लागली, स्थळं बघणं बंद केलेलं नाही पण बीपीएडची, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीची, दोन वर्षं होईपर्यंत थांबते म्हणाली आहे. समाजात काय सांगायचं हा तिचा प्रश्न आहे आणि तो मी हलका मानत नाही, रथयात्रेला, लग्नकार्याला तिला त्याच माणसांत उभं राहायचंय. वैदेहीच्या वडलांना माहीत आहे, ते त्यावर बोलत नाहीत पण मुलीशी बोलतात. आई "तिची मैत्रीण" एवढंच म्हणते. दोघींनी हिशेब मांडलाय, श्रीलताच्या हातच्या अक्षरात, वैदेहीची नोकरी कधी लागेल, डिपॉझिट किती, दोन मुलींना भाड्यानं घर कुठल्या भागात सहज मिळतं. त्यात खाली एक रक्कम अम्माला दर महिन्याला पाठवायची म्हणून वेगळी काढलेली आहे, कारण श्रीलता गेली की त्या घरात कमावणारी एकटी अम्मा उरते. स्थळ थांबवायचं तर हा आकडा आधी जमला पाहिजे असं श्रीलता म्हणते, आणि सध्या त्यांची भांडणं ह्या आकड्यावरूनच होतात.